उसाच्या चाबूक काणीचा नमुना आणि जुन्या नोंदीतला ‘सातारा’

तुमचे प्रश्न दोन: वाळव्यातल्या खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसात) दिसलेली चाबूक काणी, म्हणजे उसाच्या शेंड्यातून काळ्या भुकटीने भरलेला चाबकासारखा दांडा काढणारा बुरशीचा रोग, वनस्पतिसंग्रहालयात ठेवण्याजोगी कशी करायची, आणि जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं ‘सातारा’ असेल तर नकाशावर ठिपका कुठे द्यायचा.

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण घोळ तिथेच जास्त होतो. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे सगळं साताऱ्यातच होतं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं. त्यामुळे १९४९ पूर्वीचा ‘सातारा’ शहरावर नेऊन टेकवू नका. चिठ्ठीवरचे शब्द जसेच्या तसे उतरवा, आजचा तालुका-जिल्हा वेगळ्या रकान्यात लिहा. गावाचा पत्ता लागत नसेल तर अक्षांश-रेखांश कोरे राहू द्या. अंदाजाने टाकलेला आकडा पुढचा माणूस मोजलेला समजतो.

नावाचंही तसंच. ‘उस्टिलागो सायटामिनिया’ (१९२४) आणि ‘स्पोरिसोरियम सायटामिनियम’ (२००२) ही या काणीच्या एकाच बुरशीची दोन नावं. जुनं नाव खोडायचं नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावून तिच्यावर ओळखणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची.

आता नमुना. चाबकावर आधी कागदी पिशवी चढवा, मगच कापा. नाहीतर काळी भुकटी पिशवीत यायच्या आधी शेजारच्या सरीत जाते. उघडा शेंडा निरुपयोगी, तिथे बहुतेक नुसता गाभा उरलेला असतो. चंदेरी पापुद्रा शाबूत असलेला चाबकाचा बुडखा घ्या, १२ ते १५ सेंमीचे तुकडे करा, सोबत त्याच बेटातलं पान.

वर्तमानपत्रात दाबून चार-पाच दिवस रोज कागद बदला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर दमट होऊन वर दुसरीच बुरशी चढते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली काणीचे साधारण ५ ते १० मायक्रॉनचे गोल बीजाणू त्या जाळ्यात शोधत बसावं लागतं. वाळलं की हवाबंद करून आठवडाभर उणे २० अंशांवर, किड्यांसाठी. डिंकाने चिकटवू नका. घडीच्या कागदी पाकिटात ठेवा, गळलेली भुकटी आत छोट्या पुडीत. दोन नमुन्यांच्या मध्ये चिमटा स्पिरिटने पुसायचा.

चिठ्ठीवर ‘ऊस’ एवढंच लिहिलेलं अपुरं. वाण पूर्ण हवा (‘२६५’ नव्हे, ‘को एम ०२६५’), पहिली लागवड की खोडवा, गाव, तालुका, तारीख, संग्राहकाचा क्रमांक. महिना अक्षरात लिहा; ५/६ चा मे की जून, हे नंतर कुणालाच कळत नाही.

पुढे रानगवतावरची काणी घेणार असाल तर एक पेच आहे: ती बहुधा फुलोराच खाते, आणि गवत तर फुलोऱ्यावरूनच ओळखायचं. म्हणून त्याच जागचं त्याच जातीचं निरोगी, फुललेलं गवत सोबत दाबा. कास परिसरातलं असेल तर वनखात्याची परवानगी आधी. नमुना देण्यासाठी जवळचं ठिकाण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतलं अजरेकर कवकसंग्रहालय. पाठवण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्या, आणि मिळालेला नोंदणी क्रमांक तुमच्या वहीत संग्राहक क्रमांकाशेजारीच लिहा.