रॅप्टर आर भारी की रॅम टीआरएक्स? आणि सोलापूरकडच्या रानात यातली कोणती चालेल?

तुम्ही प्रश्नात बार्शीकडच्या बारा एकर काळ्या रानाचा उल्लेख केलाय, म्हणून लिहायला बसलो. नुसतं ‘भारी कोणती’ एवढंच विचारलं असतं तर पुढे गेलो असतो.

आधी तुमचं उत्तर. दोन्ही अमेरिकेच्या पिकअप, रॅप्टर आर फोर्डची आणि टीआरएक्स रॅम कंपनीची. टीआरएक्स 2021 च्या मॉडेलला आली ती 6.2 लिटरचा सुपरचार्ज्ड व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि 702 हॉर्सपॉवर घेऊन. फोर्डच्या रॅप्टरला तेव्हा व्ही-6 होतं. रॅमवाल्यांनी बॉनेटखाली भल्यामोठ्या टी-रेक्सशेजारी बारका रॅप्टर डायनासोर काढून चिडवूनही घेतलं. मग फोर्डने 2023 ला 5.2 लिटरचा सुपरचार्ज्ड व्ही-8 घालून 700 ची रॅप्टर आर काढली आणि पुढच्या वर्षी ती 720 वर नेली. टीआरएक्स 2024 च्या मॉडेलनंतर थांबवली, तिच्या जागी सहा सिलिंडरची, 540 हॉर्सपॉवरची आरएचओ आली. माझं मत रॅप्टर आरला. 720 मुळे नाही हां. ती कारखान्यातूनच 37 इंची टायरवर येते आणि टीआरएक्स 35 वर, एवढ्यासाठी. टायर सोडून बाकीचं सगळं पोरखेळ आहे, हे मी अनुभवावरून सांगतोय.

2019 चं नवरात्र, चौथी माळ. सासुरवाडी मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या अंगाला. माझी व्ही-क्रॉस, इसुझूची पिकअप, वर्षाची झालेली. जुनं 2.5 लिटरचं इंजिन, 134 हॉर्सपॉवर, पण सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात पहिली फोर बाय फोर. हस्ताचा पाऊस दोन दिवस पडून आदल्या रात्री उघडलेला. विहिरीवर नवी मोटर बसवलेली बघायला निघालो, तर सासरे म्हणाले, “पाव्हणं, रानात वाफसा न्हाई अजून. गाडी हितंच रस्त्याला लावा.” वाफसा नाही म्हणजे माती अजून पुरेशी सुकलेली नाही.

मी लावणारच होतो. पण शेजारी मेहुणा बसलेला. बायकोचा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरवर असतो. तो म्हणाला, “दाजी, मग फोर बाय फोर कशाला घेतली? घाला की!” मागच्या सीटवर बायको, मेव्हणी आणि दोन पोरं. घातली.

पहिले चाळीस-पन्नास फूट गाडी लोण्यातून जावी तशी गेली. मग स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. मी डावीकडे फिरवतोय आणि गाडी सरळच चाललीय. काळ्या मातीचं तुम्हाला मी काय सांगणार, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात तीच माती पाणी प्यायली की फुगते आणि धरेल त्याला धरते. टायरच्या खाचा दहा सेकंदांत बुजल्या. मग चिखलावर चिखल चढत गेला. टायर कुठले, गुळाच्या चार ढेपा फिरत होत्या. पुढे मडगार्डात एवढी माती ठासली की ढेपाही फिरेनात. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी जागेवर बसली, थेट चासीवर.

पुढचे दोन तास सांगायचे म्हणजे अंगावर काटा येतो. जावई माणूस, नवी पँट, हातात खोरं. सासऱ्यांनी न बोलता गंजीवरचा कडबा आणून टायरांखाली सारला. चाळीस पेंढ्या गेल्या. कडब्याचा भाव काय असतो ते तुम्हाला ठाऊक असेल. शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर आणला, 35 हॉर्सपॉवरचा, सीट फाटलेला, सायलेन्सरवर डबा घातलेला. त्याने पट्टा लावून दहा मिनिटांत मला मागे ओढून रस्त्यावर आणलं. मेहुणा बांधावर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर: ‘दाजींचं विमान उतरलं.’ आजही कुठलं लग्न असो, बारसं असो, कुणीतरी तो काढतंच.

त्याचं म्हणणं तेव्हापासून एकच. गाडीत दम नव्हता आणि मागच्या एक्सलला डिफरन्शिअल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप, नव्हता. 2023 ला त्याने टोयोटाची हायलक्स पिकअप घेतली, ऑटोमॅटिक, 204 हॉर्सपॉवर, 500 न्यूटन मीटर, मागे लॉक. आला की पहिलं वाक्य, “दाजी, ही निघाली असती.”

नसती निघाली बे! एक चाक हवेत आणि दुसरं घट्ट जमिनीवर असेल तिथे लॉक कामाला येतो. चारही चाकांच्या ढेपा झाल्यावर लॉक कशाला कुलूप लावणार? त्या ट्रॅक्टरकडे बघा. मागच्या टायरांचे कंगोरे उंच, मधे ऐसपैस जागा, म्हणजे माती अडकायच्या आत फेकली जाते. टायरात वजनासाठी पाणी भरलेलं. आणि बैलाच्या चालीने ओढतो. तिथे 35 पुरतात. आता 702 वाली टीआरएक्स त्याच जागी उभी करा. माझी गाडी दोन टनांच्या आत होती, ती पावणेतीन टनांच्या वर. तिला काढायला ट्रॅक्टरही दोन लागतील आणि कडबाही सगळा.

या दोन्ही गाड्या मुळात वाळवंटात शंभराच्या स्पीडने उधळायला केल्यात. त्यासाठी ते 13-13 इंच खाली-वर होणारं सस्पेन्शन. आमच्याकडे वाळू होती ती भीमेच्या पात्रात, ती कुठे गेली ते सगळ्यांना माहीत आहे. शिवाय रुंदी सव्वादोन मीटरच्या घरात. दोन्हीकडून बाभळी आलेल्या पाणंदीत घालून दाखवा. लिटरला पाच किलोमीटर आणि पेट्रोल शंभराच्या वर, हा हिशोब तुम्हीच करा. आणि मुख्य म्हणजे अमेरिकेच्या कारखान्यातून या डाव्या स्टिअरिंगच्या निघतात. आपल्याकडे नवी गाडी आयात करायची तर स्टिअरिंग उजवीकडे लागतं. उजव्या स्टिअरिंगची धाकटी रेंजर रॅप्टर थायलंडमध्ये बनते, पण ती फोर्ड भारतात विकत नाही.

राहिल्या हायलक्स आणि व्ही-क्रॉस. व्ही-क्रॉसला आता 1.9 लिटरचं इंजिन येतं, 163 चं. कोणतीही घ्या, पण पावसाळ्यासाठी मड टायरचा दुसरा सेट घ्या. तो हैदराबाद रोडवर कोकलतो आणि लवकर झिजतो, म्हणून दिवाळीनंतर काढून ठेवायचा. रानात शिरताना हवा 35 वरून 20 वर आणायची आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवायचा. पट्टा चासीच्या हुकालाच लावायचा, बंपरला कधीच नाही. आणि वाफसा नसेल तर मड टायर असले तरी रस्त्यावरच लावा.

एक राहिलं. खरं बोलायचं तर हायलक्सचं इंजिन सरस आहे, पुण्याला जा-ये जास्त असेल तर तीच घ्या. आणि त्या दिवशी रानाच्या निम्म्यात जाईपर्यंत माझी गाडी टू व्हीलमध्येच होती. फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकला तो रुतल्यावर, तोपर्यंत मागच्या चाकांनी खड्डे पाडलेले. मेहुण्याला हे अजून माहीत नाही.

तो इथे वाचत असेल तर: यंदा हस्त बरसला की हायलक्स घेऊन ये. जागा तीच, विहिरीच्या अलीकडची. कडबा मी आणतो.