टीनएजर पोरं एलियनशी भिडतात असा कॉमेडी साय-फाय सिनेमा सुचवा, पण बालिश नको

'अटॅक द ब्लॉक'. डोळे झाकून हाच लावा. 2011 चा ब्रिटिश पिक्चर आहे, दीड तासाच्या आत संपतो, जो कॉर्निशचा डायरेक्टर म्हणून पहिलाच. तुम्ही "बालिश नको" अशी अट टाकलीये म्हणून बाकीची नावं घेतच नाही, या प्रकारात बहुतेक वेळा पोरं गोडगोड असतात, सायकली असतात आणि शेवटी एलियनशी दोस्ती होते. इथे तसलं काही नाही.

सुरुवातच बघा ना. साऊथ लंडन, रात्रीची वेळ, एक नर्स कामावरून घरी चाललीये आणि तोंडं झाकलेली पाच पोरं तिला चाकू दाखवून मोबाईल, पर्स आणि बोटातली अंगठीसुद्धा काढून घेतात. हे आपले हीरो! तेवढ्यात बाजूच्या गाडीवर आभाळातून काहीतरी धाडकन येऊन आदळतं, मोझेस नावाचा त्यांचा म्होरक्या आत डोकावतो तर ते त्याच्या तोंडावर ओरबाडतं, मग हा पठ्ठ्या घाबरायचं सोडून खुन्नसने त्याच्या मागे लागतो, त्याला मारतो आणि ते धूड मिरवत बिल्डिंगमध्ये घेऊन येतो. पुढचं सगळं रामायण तिथून.

आता आकाशातून एवढं काय काय पडतंय आणि कुणाला पत्ताच नाही, असं कसं? तर ती रात्र 5 नोव्हेंबरची, म्हणजे गाय फॉक्स नाइट, तिकडे घरोघरी फटाके उडतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री उल्का पडली तर कोण वर बघणारे! आणि तेच रॉकेट, फटाके मग पोरांची शस्त्रं होतात. घरी थापा मारून कोण समुराई तलवार उचलतो, कोण बॅट. दोन तर अगदीच पिल्लं आहेत, त्यांना मोठ्या गँगमध्ये घुसायचंय, त्यांची पाण्याची बंदूक नीट लक्षात ठेवा, नंतर कामाला येते.

कॉमेडी कुठून येते ते सांगतो. जोक मारायला म्हणून कुणी तोंड उघडत नाही. मागे एलियन लागलेत, पोलीसही लागलेत, आणि एकाची अडचण काय, तर एकच मेसेज शिल्लक आहे आणि एवढा राडा एका मेसेजात बसणार कसा! 2011 साली बॅलन्सची जी काय मारामारी असायची ती आठवत असेल तर जास्तच हसाल. दुसरीकडे मोझेस एकदम सिरीयस चेहऱ्याने थिअरी मांडतो की हे एलियन सरकारनेच पाठवलेत, आधी आमच्या वस्तीत ड्रग्ज आणले, मग बंदुका, तरी आम्ही पुरेसे पटापट मरत नाही म्हणून आता हे. हसू येतं आणि लगेच घशात अडकतं.

एलियन पण भारी आहेत. काळेकुट्ट केसाळ, डोळेच नाहीत, अंधारात फक्त दात चमकतात. आत सूट घातलेली माणसं आहेत, नंतर कॉम्प्युटरवर केसांचे बारकावे पुसून त्यांना अजून काळं केलंय, म्हणून पडद्याला भोक पडल्यासारखं वाटतं. याच्यापेक्षा दसपट महागडे राक्षस मी विसरलोय, हे नाही विसरलो.

(इथून थोडा स्पॉयलर, नको असेल तर हा पॅरा सोडा.) शेवटाकडे ती नर्स मोझेसच्या घरात शिरते. अख्खा पिक्चर आपण त्याला गुंड म्हणून बघत आलेलो असतो आणि त्याच्या बेडवर निघते स्पायडरमॅनची चादर. ती फोनवर वय विचारते, तो म्हणतो पंधरा. बस, एवढंच. रडगाणं नाही, बॅकग्राऊंडला व्हायोलिन नाही. तिला लुटलं ते मात्र पिक्चर कुठेच माफ करून टाकत नाही, आणि मला तेच सगळ्यात आवडलं.

मोझेस म्हणजे जॉन बोयेगा, हा त्याचा पहिला सिनेमा, पुढे 'स्टार वॉर्स'मधला फिन झाला. नर्स आहे जोडी व्हिटेकर, तीच नंतर 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेत 'डॉक्टर' हे मुख्य पात्र करणारी पहिली बाई झाली.

सबटायटल चालू ठेवाच, त्या पोरांची भाषा इंग्लिश मीडियमवाल्यांनाही झेपत नाही. आणि शिव्या, गांजा, रक्त सगळं भरपूर आहे, तेव्हा घरच्या बारक्यांना झोपवून मगच लावा.