पाकिटं बंद केली, तरी पोरगं थाऱ्यावर येईना

“मॅडम, पाकिटातलं खाणं बंद केलं तर हा शांत बसेल का?” मुलाच्या चंचलपणाची किंवा चिडचिडीची तक्रार घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणारे बहुतेक आईवडील हा प्रश्न विचारतातच. हल्ली त्याच्या जोडीला दुसराही असतो : “याला कशाची ॲलर्जी तर नसेल?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मूल काय खातं, कधी खातं, याचा परिणाम त्याच्या पोटावर, झोपेवर, कधी कातडीवर होतो, आणि पोट दुखणारं, झोप न झालेलं, रात्रभर खाजवणारं मूल वर्गात शहाण्यासारखं बसेल ही अपेक्षाच चूक आहे. पण उत्तर शोधायच्या घाईत मुलाचे फार हाल होतात. म्हणून एका मुलाची हकिगत त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शंतनू दुसरीतला. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतलं एकत्र कुटुंब. आजोबा, आईवडील, आत्या. शाळेतून सारख्या चिठ्ठ्या येत होत्या. बाकावर बसत नाही, शेजारच्याला ढकलतो, बाईंना न विचारता वर्गाबाहेर जातो. आई आली तेव्हा तिच्या पिशवीत रक्ततपासणीचा जाडजूड अहवाल होता. कुणीतरी सुचवलं म्हणून चांगले पैसे मोजून करून घेतलेला. त्यात दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, तूरडाळ, टोमॅटो, केळी अशा कितीतरी पदार्थांपुढे लाल खूण. आपल्याकडे भाजीत कूट, चटणीत कूट. ते सगळं काढल्यावर ताटात उरणार काय? “सगळं बंद केलंय बघा, तरी पोरगं थाऱ्यावर न्हाई,” आई म्हणाली आणि रडायला लागली. शंतनू शेजारीच बसून ऐकत होता. मित्राच्या वाढदिवसाला त्याला घरून डबा देऊन पाठवलं होतं. बाकीची मुलं केक खात असताना तो कोपऱ्यात साळीच्या लाह्या खात बसला होता. त्याने मला विचारलं, “मला काय झालंय?”

आधी त्या अहवालाचं बोलते, कारण असे अहवाल आता बरेच दिसतात. ही तपासणी आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) होती. आपण जे पदार्थ नेहमी खातो त्यांच्याविरुद्ध ही प्रतिपिंडं निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात. शरीराला तो पदार्थ ओळखीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. अन्नाच्या ॲलर्जीचं निदान यावरून करू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. खरी, झटपट दिसणारी ॲलर्जी आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडांमुळे होते. ती बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसते. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते, धाप लागते. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-अक्रोड, गहू, सोया, मासे, कोळंबी-खेकडे ही तिची नेहमीची कारणं. आयजीईची तपासणीसुद्धा एकटी पुरत नाही. मुलाने काय खाल्लं आणि मग काय झालं हा इतिहास डॉक्टरांना हवाच असतो. ओठ सुजणं, श्वास घ्यायला त्रास होणं असं काही झालं तर समुपदेशकाकडे नव्हे, सरळ दवाखान्यात धावायचं. आणि ज्या पदार्थाने असं एकदा झालं तो घरी “बघू या पुन्हा देऊन” म्हणून कधीही द्यायचा नाही.

शंतनूला असलं काही कधीच झालेलं नव्हतं. बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासलं, हिमोग्लोबिन पाहिलं आणि तो बंदीचा कागद रद्द केला. कूट, भाकरी, डाळ परत ताटात आली.

मग आम्ही एक वही सुरू केली. मी आईला एवढंच सांगितलं : काहीही बंद करू नका, काहीही नवं चालू करू नका, फक्त लिहा. काय खाल्लं, किती वाजता, त्यानंतर कसा वागला, शी-शू, पोटदुखी, झोप. वर्गशिक्षिकाही तयार झाल्या. त्रास कोणत्या तासाला होतो तेवढं त्या टिपून पाठवायच्या. अशा वहीवर माझा फार भरवसा आहे. घरातली माणसं ठाम मतं घेऊन येतात, आणि तारीखवार लिहिलेलं समोर आलं की ती मतं आपोआप सैल होतात.

वहीतून पहिली गोष्ट दिसली ती शाळेच्या वेळेची. शंतनूचा दंगा दिवसभर सारखा नव्हता. तो पहिल्या-दुसऱ्या तासाला व्हायचा, डबा खाऊन आल्यावर बराच कमी. आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले. ते रोज सकाळी नातवाला गंगावेशेत न्यायचे आणि म्हैस समोर पिळून दिलेल्या दुधाचा मोठा पेला त्याच्या हातात द्यायचे. कोल्हापुरात याचं अप्रूप सांगायला नको. नातवाला दूध पाजणं हा त्यांच्यासाठी मायेचाच भाग होता. पण ज्या दिवशी दूध, त्या दिवशी पोटात गुडगुड, कळ, वारा. वर्गात सांगायची लाज वाटायची म्हणून तो उठून बाहेर जायचा, कुणी अडवलं तर ढकलायचा. आजोबा गावाला गेले त्या आठवड्यात शाळेतून एकही चिठ्ठी नव्हती. दुधावर लाल खूण असूनही ते बंद का झालं नव्हतं, तर आजोबांना कुणी सांगायलाच गेलं नव्हतं.

डॉक्टरांच्या मते ही ॲलर्जी नव्हती. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर (एन्झाइम) आतड्यात कमी पडत होतं. पाच वर्षांनंतर पुष्कळ मुलांत ते हळूहळू घटतं आणि आपल्या देशात हे अगदी नेहमीचं आहे. दुधाच्या ॲलर्जीत थेंबभर दूधही धोक्याचं ठरू शकतं. इथे मात्र प्रश्न किती प्यायलं याचा असतो, आणि दही-ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणात लॅक्टोज कमी होतं. काही आठवडे दूध थांबवून, मग थोडं थोडं देऊन पाहिलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. कच्चं दूध लहान मुलाला देऊच नये, त्यातून जंतुसंसर्ग होतो, हेही डॉक्टरांनी बजावलं.

आजोबांना समजावणं सोपं नव्हतं. “दूध पचत न्हाई म्हणजे? आमच्या घराण्यात असं कुणाचं न्हाई!” मी वाद घातला नाही. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “आजोबा, पोट दुखत असताना आखाड्यात उतरला असता का तुम्ही?” ते बराच वेळ पानं चाळत राहिले. नंतर म्हणाले, “पोरानं सांगायचं तरी मला.” शंतनू खाली मान घालून म्हणाला, “तुम्हाला वाईट वाटलं असतं.” त्या वाक्याने माझ्या लेखी अर्धी केस उलगडली. दोघं सकाळी अजूनही बरोबर बाहेर पडतात, रंकाळ्यावर फिरायला जातात. घरी आल्यावर ताक.

दुसरी गोष्ट पाकिटांची, आणि ती जास्त अवघड होती. आईच्या मते पाकिटं केव्हाच बंद झाली होती. वहीत मात्र रात्री साडेदहाला चिप्स, क्रीमची बिस्किटं, कधी रंगीत शीतपेय अशा नोंदी आत्याच्या अक्षरात सापडल्या. वडिलांचं महाद्वार रोडला दुकान. ते वाढवून घरी यायला दहा वाजून जायचे. येताना खिशात पाकीट असायचंच. बाबांची वाट बघत शंतनू जागा राहायचा, रात्रीचं जेवण अर्धवट टाकायचा आणि झोपेपर्यंत साडेअकरा व्हायचे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. याची सात-साडेसात होत होती. कमी झोपलेलं मोठं माणूस पेंगतं. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं. ते जास्त चळवळ करतं, हट्ट करतं, हात उगारतं, आणि मोठ्यांना वाटतं याच्या अंगात फारच शक्ती आलीय.

वडील म्हणाले, “दिवसभर पोराचं तोंड बघायला मिळत नाही मॅडम, रिकाम्या हातानं कसं जाऊ?” त्या माणसाला दोष देणं मला शक्यच नव्हतं. पाकीट ही बापलेकांची भेट होती. नुसतं पाकीट काढून घेतलं असतं तर भेटच गेली असती, म्हणून आधी भेटीची वेळ बदलली. आता सकाळी नाश्ता दोघं एकत्र करतात आणि शाळेत सोडायला वडील जातात. शंतनू रात्री नऊला अंथरुणात असतो. पाकीट रविवारी, दुपारी, सगळ्यांसमोर.

राहिला साखरेचा आणि रंगांचा प्रश्न. साखरेने मुलं उधळतात असं सगळे मानतात, पण नीट घेतलेल्या चाचण्यांत ते दिसलेलं नाही. १९९४मधल्या एका अमेरिकन प्रयोगात आयांना सांगितलं की मुलाला भरपूर साखर दिली आहे; प्रत्यक्षात पेयात साखर नव्हतीच. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या स्वतः मुलांवर जास्त टीका करत, जास्त जवळून नजर ठेवत राहिल्या. आपल्या संशयाचा भार मुलावर कसा पडतो, हे यातून मला फार शिकायला मिळालं. दातांसाठी, वजनासाठी साखर जरूर कमी करा. शांतपणाची आशा तिच्यावर ठेवू नका.

कृत्रिम रंगांचं तसं नाही. अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ बेन फाइनगोल्ड यांनी १९७०च्या दशकात ही शंका मांडली. मग २००७मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हे पदार्थ टिकवणारं रसायन घातलेलं पेय दिल्यावर मुलांमध्ये चंचलपणा थोडा वाढल्याचं दिसलं, आणि कोणत्या पेयात काय आहे हे मुलांना, पालकांना माहीत नव्हतं. परिणाम सरासरीने लहान होता. सगळ्या मुलांत सारखा नव्हता. अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षाबाबतचा इशारा छापणं युरोपात २०१०पासून बंधनकारक आहे. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन आणि पॉन्सो ४आर आपल्याकडे ठरावीक मर्यादेत चालतात. पाकिटावर बारीक अक्षरात १०२, ११०, १२२, १२४ हे त्यांचे आकडे शोधा. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. हातगाडीवरच्या लालभडक गोबी मंच्युरियनवर किंवा बर्फाच्या गोळ्यावर असा आकडा कुठेच नसतो, म्हणून मला त्यांचीच काळजी जास्त वाटते.

शंतनूच्या बाबतीत, डॉक्टरांना विचारून, आत्याने एक युक्ती केली. काही रविवारी बिटाच्या रसाने लाल केलेलं सरबत, काही रविवारी बाजारातलं लाल सरबत. कोणतं कधी, हे आईला माहीत नव्हतं. तिने फक्त वागणं लिहायचं. शेवटी आत्याची यादी आणि आईची वही शेजारी ठेवली. काही मेळ बसला नाही. या घरगुती चाचणीने शास्त्र सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्या मुलात फरक दिसूही शकेल. पण आईच्या मनातली धास्ती गेली आणि रविवारचं सरबत ती आता हसत देते.

घरी असं काही करून पाहायचं असेल तर एका वेळी एकच पदार्थ थांबवा, दोन ते चार आठवडे, मग तो परत देऊन पाहा. परत न देता “फरक पडला” म्हणू नका. दूध, गहू, अंडी यांसारखं मुख्य अन्न डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढू नका. वाढत्या अंगाला ते महागात पडतं. आणि मुलाच्या खाण्याची चौकशी पाहुण्यांपुढे करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

शंतनूच्या चिठ्ठ्या पुष्कळ कमी झाल्या, थांबल्या नाहीत. पोट आणि झोप सुधारल्यावरही लिहिताना त्याचं लक्ष उडतं, वस्तू हरवतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे. सहा महिन्यांहून जास्त काळ, दोन्ही ठिकाणी असं दिसत असेल तर ते तपासायला हवं. आईने विचारलं, “म्हणजे खाण्याचं सगळं केलेलं फुकट गेलं का?” मी म्हटलं, “अजिबात नाही ताई. आता त्याचं पोट दुखत नाही, झोप होते, म्हणून तपासणारे जे पाहतील ते खरंच त्याच्या लक्षाचं पाहतील.” पुढच्या आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरली आहे. वडील दुकान बंद ठेवून बरोबर जाणार आहेत.