‘वक्री’ म्हणजे उलटा का?

प्रश्न असा आहे: पंचांगात ‘मंगळ वक्री’ असं छापलेलं असतं. वक्र म्हणजे वाकडा. मग मागे जाणाऱ्या ग्रहाला ‘उलटा’ न म्हणता ‘वक्री’ का म्हणतात? आणि तो खरंच मागे जातो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही जात. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने परिभ्रमण करतात, त्यात कुणी थांबत नाही की माघारी वळत नाही. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, मंगळ २४. त्याची कक्षाही मोठी, त्यामुळे साधारण २६ महिन्यांनी पृथ्वी त्याला गाठून पुढे निघते. फास्ट लोकलमधून शेजारची स्लो लोकल मागे सरकताना दिसते, तसंच हे.

आता शब्द. वक्रतुंडाची सोंड वळलेली असते, उलटी नसते. शाळेत शिकलेल्या ‘वक्रीभवना’तही प्रकाशकिरण वाकतो, माघारी फिरत नाही. ‘वक्री’तही तेच वाकणं आहे, फक्त ते ग्रहाच्या आकाशात दिसणाऱ्या वाटेचं. ७ डिसेंबर २०२४ च्या सुमारास मंगळ पुष्य नक्षत्राजवळ थबकला, जानेवारीत पुनर्वसूच्या जोडताऱ्यांकडे मागे आला आणि २४ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा पूर्वेकडे निघाला. रोजची जागा कागदावर टिपली असती तर सरळ रेघेला पडलेला वळसाच दिसला असता. दोन कक्षांची पातळी किंचित वेगळी, म्हणून वाट त्याच रेघेवरून परत न येता वळसा घेते. ज्याने हा शब्द पहिल्यांदा योजला त्याने आकाश रात्रीमागून रात्री पाहिलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

थबकलेल्या ग्रहाला ‘स्तंभी’ म्हणतात, नेहमीच्या वाटेला लागलेल्याला ‘मार्गी’. सूर्य-चंद्र कधीच वक्री होत नाहीत.

एक गल्लत मात्र टाळावी. शुक्र स्वतःभोवती खरोखरच इतर बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो, तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. इंग्रजीत यालाही ‘रेट्रोग्रेड’च म्हणतात, म्हणून काही भाषांतरांत शुक्राचं परिवलन ‘वक्री’ होऊन बसतं. ते चूक आहे. वक्री होणं हे पृथ्वीवरून दिसणाऱ्या वाटेचं वर्णन, आणि शुक्राची गिरकी तर कुठूनही पाहिली तरी तशीच राहणार. तिला ‘उलटं परिवलन’ म्हणावं.