जुना मालक फोनवर काय सांगू शकतो?

वेर्ण्याच्या कारखान्यातून निघा की कळंगुटच्या हॉटेलातून, नव्या कंपनीने तुमची चौकशी केली तर जुन्या मालकाने फक्त तारखा आणि हुद्दाच सांगावा, असा कायदा भारतात नाही. मोठ्या कंपन्यांचा एचआर बहुधा तेवढ्यावर थांबतो, पण ते त्यांचं धोरण. सोडण्याचं कारण, गैरहजेरी, ‘परत घ्याल का?’ याचं उत्तर, हे सगळं खरं असेल तर सांगता येतं. सद्भावनेने, विचारणाऱ्याच्या हितासाठी दिलेलं मत भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मधल्या अपवादांत बसतं. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर ती बदनामी.

फजिती होते ती जास्त करून तारखांत. नव्या कंपनीचे पडताळणीवाले यूएएनवरून, म्हणजे तुमच्या पीएफ खात्याच्या कायम क्रमांकावरून, पीएफची नोंद बघतात. अर्जात 31 मे आणि नोंदीत 30 एप्रिल दिसलं, की खुलासा तुम्हालाच करावा लागतो. म्हणून अर्जाआधी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडा. सोडल्याची तारीख कोरी असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’मध्ये आधारच्या ओटीपीने स्वतः भरता येते. सावकाश भरा, नंतर दुरुस्तीचा व्याप मोठा.

हॉटेलवाल्यांनो, रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) हिशेबाच्या दिवशीच घ्या: लेटरहेड, सही, शिक्का, लागल्याची आणि सोडल्याची तारीख. पावसात हॉटेल बंद होतं, ऑक्टोबरात मॅनेजर नवा, मग कोण ओळखणार? संदर्भासाठी नाव देताना त्या माणसाला आधी विचारा. अर्जात सध्याच्या मालकाच्या नावापुढे ‘ऑफरपूर्वी संपर्क करू नये’ असं स्पष्ट लिहा.