हरकत वही

"मॅडम, डोळे तपासून आणले, नंबर नाही. सिद्धेश्वराला नारळ फोडून झाला. पण पोरगं पुस्तक हातात धरंना."

खुर्चीत टेकायच्या आधीच नागेशच्या आईनं हे सांगून टाकलं. (नागेश हे खरं नाव नव्हे, पुढची नावंही बदललेली आहेत.) नागेश तेव्हा नववीत होता. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की पहिली हाक त्यांना. आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी, शाळेत पुस्तकी मराठी, असं तीन भाषांमधलं पोर. त्या शाळेत मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस बसते. मला वेगळी खोली नाही, ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून दिलंय. सुरुवातीला याचा मला राग यायचा.

तक्रार नेहमीचीच होती. पोर अवांतर वाचत नाही, चार ओळी मनानं लिहीत नाही, दिवसभर मोबाईल, आणि पुढच्या वर्षी दहावी. आठवी-नववीच्या पालकांपैकी निम्मे तरी हेच घेऊन येतात. गुणांची आणि मोबाईलची काळजी ते बोलून दाखवतात. तिसरी एक काळजी असते, ती लवकर बाहेर येत नाही. नागेशच्या आईची मात्र दहा मिनिटांत आली. "मी चौथीत शाळा सोडली मॅडम. पानं कापायला बसले. ह्याला तर कोण उठवलं नाही शाळेतनं, मग हा का वाचत नाही?"

पहिल्या दिवशी मी त्याला एक उतारा मोठ्यानं वाचायला दिला. हे मी प्रत्येकच मुलाच्या बाबतीत करते, कारण 'वाचत नाही' म्हणून आणलेल्या मुलांत एखादं 'वाचता येत नाही' असंही निघतं. नववीतलं मूल ओळ सोडून पुढे जात असेल, सारखी दिसणारी अक्षरं अजून उलटसुलट करत असेल, बोलण्यात हुशार आणि वाचताना घामाघूम होत असेल, तर त्याला वाचनाचं महत्त्व सांगत बसू नये. अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्यावी. तसं निदान झालं तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. नागेशचं तसं नव्हतं. सावकाश वाचायचा, पण नीट वाचायचा.

मग मी चूक केली. रोज दहा पानं वाचायची आणि गुरुवारी मला सारांश लिहून आणून दाखवायचा, असं ठरवून दिलं. तीन गुरुवार त्यानं वही आणली. तिसऱ्या गुरुवारी मला शंका आली म्हणून पुस्तक उलटं करून पाहिलं, तर सारांश मलपृष्ठावरून शब्दन् शब्द उतरवलेला. मी रागावले. तो जरासुद्धा खजील न होता म्हणाला, "मॅडम, मागं सगळं लिहिलंच आहे की. परत कशाला लिहायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. सारांश म्हणजे ज्याला पुस्तक आधीच माहीत आहे त्याच्यापुढे दिलेली हजेरी. मोठ्या माणसांना कुणी कादंबरी वाचल्यावर तात्पर्य लिहायला बसवत नाही, नाहीतर आपणही मलपृष्ठच उतरवलं असतं.

आता ग्रंथालयाबद्दल. काचेची आठ कपाटं, सगळ्यांना कुलूप. भिंतीवर चौकटीत डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलं: 'पुस्तकं वापरासाठी आहेत.' दरवर्षी 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, त्या चौकटीला हार पडायचा, आणि चौकटीच्या बरोब्बर खालच्या कपाटाची किल्ली ग्रंथपाल सरांच्या पँटच्या खिशात. वेळापत्रकात शनिवारी वाचनाचा तास होता, तो गणिताकडे गेलेला. पुस्तकं घरी मिळायची ती वर्गातल्या पहिल्या दहा नंबरांना. सर माणूस वाईट नव्हते. अर्धवेळ नोकरी, वर्षाअखेर दाखल नोंदवही समोर ठेवून मोजणी, आणि पुस्तक कमी भरलं तर पैसे आपल्या पगारातून जातील ही धास्ती. ज्याला पुस्तक हरवण्याची भीती आहे, त्याच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित पुस्तक कपाटातलंच.

एका गुरुवारी मी दुसऱ्या एका मुलीशी बोलत होते आणि नागेश ताटकळत उभा होता. शिपाईमामांनी धूळ झटकायला एक कपाट उघडलं होतं. त्यातलं वस्त्रोद्योगावरचं एक जुनं पुस्तक नागेशनं चाळायला घेतलं. मागाचं चित्र दिसलं म्हणून असेल. थोड्या वेळानं सरांचा आवाज चढला. पोरानं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: असं नसतंय.

दंड, पालकांना चिठ्ठी, इथपर्यंत गोष्ट गेली. मी मध्ये पडले आणि विचारलं, काय नसतंय? तीन आठवडे हं-हूं करणारा मुलगा पाऊण तास बोलला. पुस्तकात लिहिलं होतं की नक्षी बदलायची असेल तेव्हा विणकर पत्ते बदलतो. "विणकर नाही बदलत मॅडम, जॉबर बदलतो. नायना (म्हणजे वडील) बदलतात." मग त्यानं मला मागावर नक्षी उमटवणारा जॅकार्ड समजावून सांगितलं. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं असतात. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. चादरीवरचं एक फूल उमटायला असे पत्ते माळेसारखे ओवावे लागतात, आणि त्यातला एक जरी उलटा लागला तरी फुलाचं वाटोळं.

मी म्हटलं, ज्याच्या नावानं हा जॅकार्ड आहे तो जोसेफ मारी जॅकार्ड फ्रान्सचा, यंत्र 1804 सालचं. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आकडेमोडीच्या यंत्रासाठी भोकाच्या पत्त्यांची ही युक्ती घेतली. नागेश माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे कॉम्प्युटर आमच्या मागातनं निघाला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुस्तकाशी याचं वैर नव्हतंच. पुस्तकात त्याच्या बापाचा उल्लेख नव्हता आणि ते सांगायला जागा नव्हती. पंधरा वर्षांचं मूल घरात प्रत्येक गोष्टीला आडवं लावतं. ती त्या वयाची भूकच आहे. शाळा मात्र वाचनाच्या बाबतीत त्याच्याकडून फक्त होकार मागते.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी फुलस्केप वही आणली, वर मोठ्या अक्षरात 'हरकत वही' लिहिलं आणि सुतळीनं खिळ्याला टांगली. नियम थोडे: पुस्तकाचं नाव आणि पान नंबर लिहायचा. हरकत लिहिलेल्या गोष्टीवर घ्यायची, माणसावर नाही. आपलं नाव टाकलं नाही तरी चालेल. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "चालेल. समासात लिहायचं थांबलं तर निदान पुस्तकं तरी वाचतील." आपल्या भाषेनं या एका क्रियापदात केवढी सोय करून ठेवली आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं आणि सर पहिल्यांदा माझ्यासमोर हसले.

पहिले दोन आठवडे चेष्टाच झाली. 'पुस्तक बोर आहे', 'फार जाड आहे', असलं. पण सरांनी प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात एवढंच लिहायला सुरुवात केली: पान नंबर? ते इतकं गाजलं की पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांना "पान नंबर सांग बे" म्हणायला लागली. आणि पान नंबर द्यायचा तर पुस्तक उघडावं लागतं, पुस्तक उघडायचं तर कपाट. सरांनी आधी एक कपाट उघडं ठेवलं, दिवाळीनंतर आणखी तीन. त्या वर्षीच्या मोजणीत सात पुस्तकं कमी भरली. दोन मे महिन्यात परत आली. उरलेल्या पाचांचं काय करायचं यावर शाळेत बराच खल झाला, तो इथे सांगत नाही.

मग एकेक खरी हरकत यायला लागली. एका कथेतली माणसं एप्रिलच्या दुपारी बागेत फिरायला जातात, त्यावर: 'लेखक सोलापूरला आलेला नाही. चाळीसच्या वर उन्हात कोण फिरतंय बे?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात: 'लेखक पुण्याचा असंल. तिथं फिरत असतील.' त्याखाली तिसऱ्यानं लिहिलं की माझी आत्या पुण्याला आहे, तीही फिरत नाही. एका कथेच्या शेवटाला पाच जणांनी हरकत घेतली आणि दोघांनी स्वतःचा शेवट लिहून जोडला. ज्या मुलांना 'मी पाहिलेली यात्रा' या विषयावर पंधरा ओळी जमत नव्हत्या, त्यातल्याच एकानं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, वर्णनात नंदीध्वजांचा मान कुणाचा कधी असतो हे चुकलंय म्हणून दोन पानं लिहिली.

याच सुमारास मुख्याध्यापकांच्या मनात आलं की वही मराठीच्या बाईंनी तपासावी, गुण द्यावेत, शुद्धलेखनही सुधारेल. हेतू चांगला होता. मी हात जोडून नको म्हटलं. लाल शाई लागली असती तर आठ दिवसांत तिची दुसरी निबंधवही झाली असती. त्यातच कुणीतरी एका शिक्षकांबद्दल वाईट लिहिलं. ते पान काढायला मी स्वतःच सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. वही टिकली. शुद्धलेखनाचं म्हणाल, तर एक दिवस नोंद आली, 'हरकत: वरच्या हरकतीत विशेष मधला ष चुकलाय.' तपासणी सुरू झाली होती, फक्त बाईंची नव्हे.

अंबिकाचं सांगायला हवं. आठवीतली, कुंभारीच्या घरकुलातून रोज येणारी. दहा हजार घरांची ती विडी कामगारांची वसाहत गोदूताई परुळेकरांच्या नावाची आहे. गोदूताई कुणी पुढारी होत्या एवढंच तिला माहीत. वारली आदिवासींच्या लढ्यावर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलंय हे सरांनी तिला कपाटातून काढून दाखवलं. ते घरी गेलं. अंबिकानं ते स्वतःसाठी वाचलं नाही, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आईला आणि शेजारच्या दोघींना रोज थोडं वाचून दाखवलं. हात विड्या वळण्यात, कान मोकळे. क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून हेच चालत आलंय. कामगार पानं वळतात आणि एक जण उंच जागी बसून त्यांना वाचून दाखवतो. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, वाचणाऱ्याला मजुरी मिळते का? मिळायची, कामगारच वर्गणी काढून द्यायचे. तिनं ते घरी सांगितलं. त्यावर आई काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही.

पण त्या आईची हरकत वहीत आहे. आई तेलुगूत बोलली, मुलीनं मराठीत उतरवली: विड्या वळणाऱ्या बाईचं दुखणं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, हात दुखतात असं लिहितात, खरं म्हणजे आधी पाठ जाते. खाली सरांनी नेहमीसारखं पान नंबर विचारलं नव्हतं.

नागेशच्या आईला मी काय सांगितलं? आधी तर माझा दहा पानांचा सल्ला मागे घेतला. मग म्हटलं, ताई, 'किती वाचलंस' हे महिनाभर विचारू नका. पुस्तक आणि मोबाईल एका वाक्यात आणू नका, त्यानं पुस्तक शिक्षा होऊन बसतं. त्याला घरातली लिहायची खरी कामं द्या: विड्यांच्या पासबुकात नोंद चुकली तर अर्ज, लाईट बिलाची तक्रार, गावी आजीला निरोप. आणि त्यानं वाचलेलं तुम्हाला पटलं नाही तर तसं सांगा. "मला काय कळतंय मॅडम त्यातलं," त्या म्हणाल्या. मी त्यांना अंबिकाच्या आईची हरकत वाचून दाखवली. त्यांनी ती परत वाचायला लावली.

फार काही चमत्कार झालेला नाही. नागेशला नववीला मराठीत आधीपेक्षा सहा गुण जास्त पडले, तेवढे एरवीही पडले असते. मोबाईल आहे तसाच आहे. चौकशी केली तर कळलं, त्यावर तो आणि वडील रात्री माग दुरुस्तीचे व्हिडिओ बघतात. काही मुलं त्या वहीकडे एकदाही फिरकली नाहीत. मधे त्याची आई भेटली ती वैतागून: "मॅडम, आता घरात आमटीवर पण हरकत घेतो, आणि वर मलाच विचारतो, तुझी हरकत काय ते सांग."

हा अनुभव लिहायचा ठरल्यावर मी नागेशची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आणि मजकूर त्याला वाचायला दिला. चौथ्या दिवशी वहीत नोंद होती, नावानिशी. पुस्तकाच्या जागी लिहिलं होतं 'मॅडमचा लेख'.

'पान 1: अम्मा चौथीत शिकायची थांबली हे बरोबर, पण हजार विड्यांचा हिशेब तोंडी करते, ते लिहिलं नाही. पान 2: पाऊण तास नाही, पंधरा मिनिटं बोललो, मग बेल झाली. पान 4: मी आता पुस्तकं वाचतो असं लोकांना वाटेल. मी कादंबरी अजून वाचत नाही. मागाची आणि मशिनची वाचतो. तसं लिहा.'

खाली सरांचं बारीक अक्षर: हरकत मान्य.