एकदा पाहिलेला चेहरा न विसरणारी माणसं पोलिसांना खरंच उपयोगी पडतात का? सरावाने तसं होता येतं का?

पडतात. सर्वांत गाजलेलं उदाहरण लंडनचं. ऑगस्ट २०११ च्या दंगलीनंतर पोलिसांकडे सीसीटीव्ही चित्रणाचा ढीग जमला, पण त्यातले लुटारू कोण हे कळेना. सॉफ्टवेअरला जेमतेम एक जण सापडला. गॅरी कॉलिन्स नावाच्या कॉन्स्टेबलने एकट्याने १८० जण ओळखले. त्यातल्या एकाने टोपी खाली ओढून तोंडावर रुमाल बांधला होता. उघडे होते ते फक्त डोळे. पुढे २०१५ मध्ये लंडन पोलिसांनी अशा लोकांचं वेगळं पथकच काढलं. त्यांना ‘सुपर रेकग्नायझर’ म्हणतात.

पण बातम्यांत एक गोष्ट निसटते. कॉलिन्स हॅकनी भागात वर्षानुवर्षं गस्त घालत होते, तिथल्या टोळ्यांतली पोरं त्यांच्या पाहण्यातली. ओळखीचं माणूस धूसर चित्रातही तुम्हाआम्हाला कळतं. गर्दीत पाठमोरा मामासुद्धा ओळखू येतो की! त्यांची देणगी मोठी खरीच, पण १८० च्या आकड्यात बीटवरच्या पायपिटीचाही वाटा आहे.

खरी कसोटी अनोळखी चेहऱ्यांची. समोरचा माणूस आणि पासपोर्टवरचा फोटो एकाचाच का? २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची अशी परीक्षा घेतली, तर ते कॉलेजच्या पोरांपेक्षा सरस निघाले नाहीत, आणि जुन्या-नव्या अधिकाऱ्यांतही फरक दिसला नाही. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी ‘नाही’. हे उपजतच असतं. म्हणून शिकवत बसण्यापेक्षा चाचणी घेऊन अशी माणसं निवडणं पोलिसांना परवडतं.

चेहरे किती लक्षात राहतात हे तपासणारी ‘केंब्रिज’ नावाची चाचणी मी दिली आहे. सहा चेहरे दाखवतात, केस नाहीत, नुसता चेहऱ्याचा गाभा. मग तिघांतून त्यातला एक ओळखायचा. आधी सोपं वाटतं; शेवटी चित्रांवर मुद्दाम वाळू फेकल्यासारखे ठिपके येतात आणि सगळेच सख्खे भाऊ वाटू लागतात. माझा निकाल चारचौघांसारखाच.

अर्थात, सुपर रेकग्नायझरनी नाव सांगितलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असं नाही. तो धागा धरून पुढे पुरावा जमवावा लागतोच, कारण चूक यांच्याही हातून होते. शिवाय आपल्या वंशाचे चेहरे जितके नेमके ओळखतात, तितके परक्या वंशाचे यांनाही जमत नाहीत. तुम्ही चाचणी देणार असाल तर हे लक्षात ठेवा: केंब्रिजच्या चाचणीतले चेहरे गोऱ्या पुरुषांचे आहेत. गुण कमी पडले तर हिरमुसू नका.